मुलगी म्हणते, मला तलवारबाजी शिकायचीय!

आमच्या शेजारच्या वहिनींची सातवीतली मुलगी परवा शाळेतून आली ती नाचतच. शाळेत म्हणे फेन्सिंगचा वर्ग सुरू होणार आणि हिला त्यात नाव द्यायचं होतं. वहिनींना आधी वाटलं, शाळेच्या आवाराला कुंपण घालायचंय! तलवारबाजी म्हणतात ती हीच, असं कळल्यावर मात्र त्यांच्या पोटात गोळा आला. "डोळ्याला लागलं म्हणजे? उद्या लग्नाची मुलगी ती!"

त्यात मामंजी पडले कोल्हापूरकडचे. लहानपणी तालमीत पट्टा फिरवलेला माणूस. नातीनं मोबाइलवर एक सामना दाखवला, तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "ही कसली तलवारबाजी? ह्याला सुई टोचणं म्हणतात!" झालं. नात रुसून बसली, वहिनी माझ्याकडे आल्या.

मैत्रिणींनो, हे दोन्ही प्रश्न उद्या तुमच्याही घरात येतील. शाळांमधून हा खेळ आता पोचतो आहे. तेव्हा मामंजींचं म्हणणं खरं किती आणि वहिनींची भीती खरी किती, ते जरा नीट बघू या.

तलवार जड नव्हतीच

आधी एक गैरसमज काढून टाकायला हवा. सिनेमात तलवार उचलताना नायकाच्या कपाळावर घाम दाखवतात. आपल्याला वाटतं, जुनी तलवार म्हणजे दहा-बारा किलोचं धूड. तसं नव्हतं. मध्ययुगातली युरोपातली दोन्ही हातांनी धरायची लांब तलवारसुद्धा सहसा दीड किलोच्या आत असे. आपली वाकडी तलवार तर किलोच्या आसपासच. म्हणजे किराण्याच्या पिशवीपेक्षाही हलकी!

मग जड का वाटते? ते आपल्याला स्वयंपाकघरातच कळतं. मुसळ आपण मधोमध धरतो, टोकाला धरून कांडून बघा! तोल हाताजवळ असला की जड वस्तूही वळते, लांब गेला की हलकीही हात मोडते. तलवारीच्या मुठीमागं जो गोळा असतो तो काही नुसत्या शोभेचा नाही. पात्याचं वजन तोलून धरायचं काम तो करतो. म्हणून तलवारीला राक्षसी ताकद लागत नसे. लागत असे ते वळण, पावलं आणि वेळेचं भान.

विळी आणि सुई

आता मामंजींच्या सुईकडे येऊ. तलवारीनं दोन कामं होतात, धारेनं कापणं आणि टोकानं भोसकणं.

पिकलेला टोमॅटो बोथट सुरीनं दाबलात तर तो चेंगरतो. तीच सुरी ओढून चालवलीत तर चकती निघते. विळीचं पातं वाकडं असतं ते ह्याचसाठी. भाजी पुढं ढकलली की पातं आपोआप तिच्यावरून सरकत जातं, वेगळं ओढावं लागत नाही. आपली वाकडी तलवार म्हणजे ह्याच युक्तीची थोरली बहीण समजा. वार बसताच वक्र पातं सरकतं आणि खोल कापतं. पण एक अट आहे. धार नेमकी वाराच्या दिशेत हवी. हात जरा कलला की पातं चपटं बसतं, नुसता फटका लागतो. मर्दानी खेळात लिंबू कापून दाखवतात तेव्हा सगळी परीक्षा ह्याचीच असते.

भोसकायला मात्र सरळ पातं बरं. युरोपात पुढं पुढं तलवार सरळ, अरुंद आणि टोकदार होत गेली. अठराव्या शतकात तिथले सभ्य गृहस्थ कमरेला लावत ती बारीक तलवार जवळजवळ भोसकण्यापुरतीच उरली होती. ही युरोपी सरळ पाती पश्चिम किनाऱ्यावरून आपल्याकडेही आली. मराठ्यांनी ती घेतली, तिला आपली मूठ बसवली आणि नाव दिलं फिरंग. पातं परक्याचं आणि हात आपला!

आणि पट्टा? तो तर सगळ्यांहून वेगळा. त्याची मूठ म्हणजे कोपराकडे जाणारं लोखंडी हातमोजंच. त्यात मनगट जखडलं जातं, म्हणून वार मनगटातून नाही तर खांद्यातून, कमरेतून, सगळ्या अंगातून निघतो. पट्टेकरी गरगर फिरतो तो तमाशासाठी नाही. चहूबाजूंनी माणसं असताना पातं थांबू द्यायचं नाही, ही त्यामागची विद्या. महाराष्ट्र शासनानं २०२४ मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला, तेव्हा मामंजींनी घरी पेढे वाटले होते म्हणे!

पुस्तकातली वालपुर्गिस

तुम्ही म्हणाल, जुने लोक कसे लढायचे हे आज कुणाला ठाऊक? युरोपापुरतं बोलायचं तर चांगलंच ठाऊक आहे, कारण तिथल्या वस्तादांनी पुस्तकं लिहून ठेवली, चित्रांसकट.

त्यातलं आज हाती असलेलं सर्वांत जुनं पुस्तक चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचं, जर्मनीतलं. सध्या ते इंग्लंडात लीड्सच्या शस्त्रसंग्रहालयात आहे. मजकूर लॅटिन. शिकवणारा कोण, तर चक्क एक धर्मगुरू! तो आणि त्याचा विद्यार्थी एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात ताटलीएवढी छोटी ढाल घेऊन पानापानांवर भिडलेले दिसतात. आपल्या फरी-गदक्याची आठवण व्हावी असंच ते चित्र. फरी म्हणजे लहान ढाल आणि गदका म्हणजे सरावाची काठी, हे तालमीच्या गावच्या बायकांना सांगायला नकोच.

आणि शेवटच्या पानांवर विद्यार्थी गायब होतो. त्याच्या जागी पायघोळ झगा घातलेली एक बाई उभी राहते. नाव वालपुर्गिस. हातात तीच तलवार, तीच ढाल, आणि समोर तोच धर्मगुरू. बाई आली म्हणून डाव सोपे केलेले नाहीत की कुणी आश्चर्यही दाखवलेलं नाही. सातशे वर्षांपूर्वीचं हे पान मला फार आवडतं.

पंधराव्या शतकात जर्मनीत टालहोफर नावाचा वस्ताद होऊन गेला. त्याच्या पुस्तकात तर स्त्री आणि पुरुष यांच्या द्वंद्वाची चित्रं आहेत. खटल्याचा निकाल लढून लावायची रीत होती ना तेव्हा! पुरुषाला कमरेइतक्या खड्ड्यात उभं करायचं, त्याच्या हातात दांडकं. बाई बाहेर मोकळी, तिच्या हातात कापडात बांधलेला दगड. ताकदीतला फरक असा भरून काढायचा. (वाचकभगिनींनी कृपया घरी प्रयोग करू नये!)

ह्या पुस्तकांतली तलवारबाजी आपल्या कल्पनेपेक्षा बरीच रांगडी आहे. इटलीतल्या फिओरे नावाच्या वस्तादानं १४१०च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथाची सुरुवातच कुस्तीनं होते. डाव्या हातानं समोरच्याचं मनगट पकडा, पाय अडकवून पाडा, मुठीचा गोळा तोंडावर हाणा, स्वतःच्याच तलवारीचं पातं मधे धरून ती भाल्यासारखी वापरा, सगळं चालतं. नियम एकच, आपण जिवंत घरी यायचं.

गेल्या काही दशकांत युरोप-अमेरिकेत आणि इतरत्रही हौशी मंडळी ही पुस्तकं वाचून, बोथट तलवारी घेऊन, ते डाव पुन्हा बसवू लागली आहेत. त्यांत बायकाही आहेत. वालपुर्गिसला वारस मिळाले म्हणायचे.

सराव झाला, खेळ झाला

मग त्या रांगड्या विद्येची ही पांढऱ्या कपड्यातली फेन्सिंग कशी झाली? कारण सोपं आहे. शिकताना रोज रोज डोळा फुटून कसं चालेल?

बारीक तलवारीच्या सरावासाठी फ्रान्समध्ये एक हलकं, बोथट हत्यार आलं. त्याला आज फॉइल म्हणतात. जाळीचा मुखवटा वापरात आला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याआधी तोंड उघडं ठेवूनच सराव चाले. म्हणून दोन रीती पडल्या. टोक फक्त धडावर टेकवायचं, चेहऱ्याकडे जायचं नाही. आणि समोरच्यानं आधी हल्ला केला तर तो आधी अडवायचा, मगच आपण उलट करायचं. दोघांनी एकदम घुसायचं नाही. ह्या सभ्यपणाच्या रीती पुढं नियम झाल्या आणि आजही फॉइलमध्ये तशाच पाळल्या जातात.

ह्या काळातली एक हकिकत सांगितल्यावाचून राहवत नाही. ९ एप्रिल १७८७ रोजी लंडनच्या कार्लटन हाउसमध्ये, इंग्लंडच्या युवराजासमोर एक सामना झाला. एका बाजूला सें-जॉर्ज, त्या काळचा नावाजलेला तलवारबहाद्दर, आणि उत्तम व्हायोलिन वाजवणारा संगीतकारही. आई गुलामगिरीतली, आणि मुलगा राजदरबारात! समोर देऑं, फ्रान्सच्या राजाकडून पूर्वी वकील आणि हेर म्हणून काम केलेली व्यक्ती. पुरुष म्हणून अर्धं आयुष्य गेलेल्या देऑंनी १७७७ पासून स्त्री म्हणून राहायला सुरुवात केली होती आणि शेवटपर्यंत त्या तशाच राहिल्या. वय ५८, अंगात घेरदार काळा पोशाख. जिंकलं कोण? देऑं! नऊवारी नेसून झिम्मा खेळणाऱ्यांना घेरदार कपड्यांची अडचण वेगळी सांगायला नको.

दिवा पेटला की गुण

आजच्या फेन्सिंगमध्ये तीन हत्यारं असतात. मुलगी विचारील तर आईला ठाऊक असावीत. फॉइल पाचशे ग्रॅमच्या आतलं, त्याच्या टोकानं फक्त धडावर टेकवायचं. एपे थोडं जड, पाऊण किलोपर्यंत. त्यात डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सगळं अंग चालतं, कारण ते एकोणिसाव्या शतकातल्या द्वंद्वांवरून आलं. पहिलं रक्त निघालं की द्वंद्व संपे, मग ते हाताचं का पायाचं, कोण पाहतो? तिसरं सेबर. त्यात टोक आणि पातं दोन्ही चालतात, पण कमरेच्या वरच. घोड्याला लागू नये म्हणून हा नियम, अशी गोष्ट सगळीकडे सांगतात. खरं म्हणजे खेळातलं सेबर आलं ते जमिनीवर उभं राहून खेळायच्या हलक्या इटालियन सेबरवरून.

लागलं की नाही हे आता माणूस नाही, वीज ठरवते. एपेमध्ये १९३०च्या दशकात, फॉइलमध्ये १९५०च्या दशकात आणि सेबरमध्ये १९८०च्या दशकाअखेर विजेची यंत्रणा आली. फॉइल आणि एपेच्या टोकाला दाराच्या घंटीसारखं बारीक बटण असतं. फॉइलचं बटण पाचशे ग्रॅमच्या दाबानं दबलं की दिवा लागतो. बस, एवढंच! सेबरला तर बटणही नाही. पातं नुसतं टेकलं तरी दिवा.

मामंजींची नस इथं सापडते. पाचशे ग्रॅमचा दाब म्हणजे भाकरी थापताना पडतो त्याहूनही कमी. त्यानं कुणी कापलं जाणार नाही की भोसकलं जाणार नाही. खेळात धारेची दिशा सांभाळायची गरज उरत नाही, कारण धारच नाही. मैदान म्हणजे चौदा मीटर लांब आणि दीड-दोन मीटर रुंद पट्टी. त्यावर पुढं-मागं जायचं, बाजूनं वळसा घालायला जागाच नाही. डाव्या हातानं धरलं तर दंड. समोरच्याकडे पाठ केली तरी दंड. म्हणजे पट्ट्याची गिरकी इथं घेतली तर पंच शिक्षाच देणार!

सगळ्यांत मोठा फरक वेगळाच आहे. एपेमध्ये दोघांनी सेकंदाच्या साधारण विसाव्या-पंचविसाव्या भागात एकमेकांना टेकवलं तर दोघांनाही गुण. आघाडीवर असलेला खेळाडू तर मुद्दाम असं करतो, एकेक गुण दोघांना मिळत राहिला तरी जिंकणार तोच. जुन्या वस्तादाला हे सांगितलं असतं तर त्यानं कपाळावर हात मारला असता. दोघांना एकदम लागणं म्हणजे दोन घरांत सुतक.

मग मामंजी जिंकले का? नाही बरं. मुंजीत पळी कशी धरायची यावरून पंगतीतला वाढपी ओळखता येत नाही, तसंच हे. तलवारबाजीतलं जे सर्वांत कठीण, समोरच्याचं अंतर ओळखणं, त्याला फसवून हात पुढं काढायला लावणं आणि त्या क्षणी आत शिरणं, ते खेळानं इतकं घासूनपुसून लखलखीत केलंय की जुने वस्तादही बघत राहिले असते. शिवाय इथं समोरचा खराखुरा विरोध करतो, तोही पूर्ण वेगानं. ठरवून बसवलेल्या डावांत ती धार येत नाही. सेबरचा एकेक गुण कधी कधी सेकंदाभरात मिटतो. डोळ्याचं पातं लवलं तर चुकलंच!

बायका केव्हा आल्या?

फेन्सिंग आधुनिक ऑलिंपिकमध्ये १८९६ पासून आहे. बायकांना दार उघडलं १९२४ मध्ये, पॅरिसला, आणि तेही फक्त फॉइलसाठी. पहिलं सुवर्णपदक घेतलं डेन्मार्कच्या एलेन ओझियर यांनी. वय ३३, विवाहित, आणि यजमान इव्हान ओझियर हेही ऑलिंपिकचे फेन्सर. एपेसाठी बायकांना १९९६ उजाडावं लागलं आणि सेबरसाठी तर २००४. वालपुर्गिसनंतर सातशे वर्षांनी!

ह्या उशिरा उघडलेल्या सेबरमध्येच आपल्या चेन्नईच्या भवानीदेवीनं नाव काढलं. वडील पुजारी, घर साधं. शाळेत खेळ निवडायच्या वेळी बाकीच्या खेळांतल्या जागा भरलेल्या, म्हणून हिच्या वाट्याला फेन्सिंग आलं. सुरुवातीचा सराव बांबूच्या काठ्यांनी, कारण खरी पाती परदेशातून यायची आणि ती जपून सामन्यापुरती वापरायची. स्पर्धांच्या खर्चासाठी आई रमणी यांनी दागिने गहाण ठेवले. २०२१ मध्ये टोकियोला ऑलिंपिकमध्ये उतरलेली ती पहिली भारतीय फेन्सर. पहिला सामना १५-३ असा जिंकला, दुसरा फ्रान्सच्या मानों ब्रुनेकडून ७-१५ असा गेला. २०२३ च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिनं जपानच्या मिसाकी एमुराला, म्हणजे चक्क जगज्जेतीला हरवलं आणि ब्राँझपदक आणलं. त्या स्पर्धेतलं भारताचं ते पहिलंच पदक.

आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधली इजिप्तची नादा हाफेज आठवते? पेशानं डॉक्टर. सेबरचा पहिला सामना १५-१३ असा जिंकली, पुढचा हरली आणि मग जगाला सांगितलं, आपल्याला सातवा महिना आहे! आपल्या सासवांनी काय म्हटलं असतं, कल्पनाच करवत नाही.

डोळ्याला लागलं तर?

आता वहिनींचा प्रश्न. तो हसण्यावारी न्यायचा नाही. १९८२ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत सोव्हिएत खेळाडू व्लादिमिर स्मिर्नोव्ह ह्याच्या मुखवट्यात प्रतिस्पर्ध्याचं तुटलेलं पातं घुसलं आणि काही दिवसांनी तो दगावला. दोन वर्षांपूर्वीचा ऑलिंपिक विजेता तो! त्यानंतर मात्र सगळं बदललं. पात्यांचं पोलाद बदललं, मुखवट्याची जाळी मजबूत झाली, जाकिटाचं कापड सहजासहजी न भेदणारं आलं. आज ह्या खेळात जास्त करून दिसतं ते घोटा मुरगळणं, मांडी आखडणं आणि अंगावर निळे डाग. जिवावरचं दुखणं अगदी विरळा. अर्थात हे सगळं सामान नीट असेल तरच.

म्हणून नाव घालण्याआधी वर्ग स्वतः जाऊन बघा. मुखवट्याच्या जाळीला खोक, गंज नाही ना? जाकिटाच्या आत काखेखाली अर्धं संरक्षक जाकीट देतात ना? मुलींना छातीवर टणक कवच घालणं सक्तीचं असतं, ते आहे ना? मुखवट्याविना मुलं पाती फिरवत असतील तर वहिनींना मी सांगितलं तेच तुम्हालाही सांगते, सरळ घरी परत या. बांगड्या, कानातले घरी काढून ठेवावेत, वेणी जाकिटात खोचावी.

स्वसंरक्षणासाठी म्हणून घालायची असेल तर स्पष्टच सांगते, त्यासाठी फेन्सिंगही नाही आणि पट्टाही नाही. रस्त्यानं कुणी तलवार घेऊन जात नाही. पदकं, स्पर्धा, देशभर फिरणं हवं असेल तर फेन्सिंग. आपल्या मातीची विद्या आणि दोन्ही हातांना, सगळ्या अंगाला व्यायाम हवा असेल तर मर्दानी खेळ. घराजवळ चांगला वस्ताद असेल तर दोन्ही करायला काय हरकत आहे? पट्ट्यानं खांदे मोकळे होतात, फेन्सिंगनं पाय चपळ होतात. फेन्सिंगमध्ये पुढचा पाय आणि एकच हात जास्त राबतो, म्हणून घरी दुसऱ्या बाजूचाही व्यायाम करून घ्यावा.

मुलगी डावखुरी असेल तर फारच छान! जेवताना आजी ओरडत असतील, पण ह्या खेळात डावखुऱ्यांशी लढणं उजव्यांना जड जातं आणि वरच्या पातळीवर डावखुरे बरेच दिसतात. हात बदलायला लावू नका.

सुरुवातीला तलवार हाती मिळेलच असं नाही. कित्येक दिवस नुसती पावलंच घोटून घेतात. पोर कंटाळून घरी येईल. तेव्हा मामंजींनाच पुढं करा, तालमीत त्यांनीही आधी पायच घोटले असणार.

धुण्याचं थोडं. जाकीट सौम्य साबणात, कोमट पाण्यात धुवावं. पांढरं व्हावं म्हणून ब्लीच घालू नये, कापडाचा जोर जातो. विजेसाठी वरून घालायचं चंदेरी जाकीट हातानंच हलकं धुवावं, पिळू नये, कपड्याच्या हँगरवर सावलीत वाळवावं. पिळलं की आतली धातूची तार तुटते आणि दिवा भलत्या वेळी लागतो. घामट कपड्यात पातं गुंडाळून पिशवीत ठेवलं की रात्रीत गंजतं. कोरड्या फडक्यानं पुसून वेगळं ठेवावं. आणि पातं तुटलं तर कानशीनं घासून पुन्हा वापरायला देऊ नका, 'माळ्यावरची जळमटं काढायला होईल' म्हणून घरातही ठेवू नका. तुटलेलं टोक सुईपेक्षा तीक्ष्ण असतं. कागदात गुंडाळून वर्गातच परत द्या.